होय म्हाराजा

देवाकडे काही मागू नये, या शिकवणुकीत मी वाढले. माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं, पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखातलं. वडील शाळामास्तर, गळ्यात तुळशीची माळ. ज्ञानोबांची पालखी फलटणला आली की ते तिथून दिंडीत शिरायचे आणि पंढरपूरपर्यंत चालत जायचे. घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. आरती, मंत्रपुष्पांजली झाली की सगळ्यांनी हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि गप्प उभं राहायचं. एकदा धाकट्या भावाने मोठ्याने सायकल मागितली. वडील रागावले नाहीत. त्याला जवळ बसवून म्हणाले, “त्याला ठाऊक नाही असं तुझ्याकडे काय आहे? मग सांगायचं कशाला? आणि मागायचंच असेल तर त्यालाच माग, बाकी वस्तू कशाला मागतोस?” 1972च्या दुष्काळात गावची निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, सुकडी आणि मिलोच्या भाकरीवर दिवस निघत होते, तेव्हाही ते देवापुढे पाऊस मागताना मला दिसले नाहीत. आई मागायची, पण ओठातल्या ओठात.

लग्न होऊन कुडाळजवळच्या गावात आले ती 1980 साली, आणि दोनच महिन्यांत भाद्रपद आला. गणपतीचं घर कसं असतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट गणपतीच्या शाळेत पोचता झाला होता. फणसाच्या लाकडाचा, कडेला तेलरंगात घराण्याचं नाव. मूर्ती दर वर्षी त्याच पाटावर घडते, त्याच पाटावरून घरी येते, आणि विसर्जनानंतर पाट तेवढा परत येऊन माळ्यावर जातो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुलगे-पुरुष रानातून कवंडळं, आंबाडे, तेरडा, सुपारीची कात्रं, तोरिंगं घेऊन आले आणि गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी माटवीला ती एकेक करून बांधत बसले. कवंडळ मी तोवर पाहिलं नव्हतं. लिंबाएवढं, शेंदरी-लाल, चकचकीत. खायच्या कामाचं नाही, पण त्याच्यावाचून माटवी पुरी होत नाही. देवाच्या डोक्यावर रान आणून टांगायचं आणि त्याखाली त्याला बसवायचं, ही कल्पना मला इतकी आवडली की आजही माटवी बांधताना मी कामं टाकून पडवीत येऊन बसते.

मुंबईची माणसं रात्रीच्या एसटीने आली. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली 1998 साली. त्याआधी ती रात्र म्हणजे घाट, उलट्या आणि मांडीवर झोपलेली पोरं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मामंजी चार भाऊ. सगळ्यांत थोरले आबा, मग मामंजी, मग बापू, आणि सगळ्यांत धाकटे लवकर वारलेले, त्यांच्या माघारी काकी. चार चुली. सातबारा मात्र सामायिक, त्याच्यावर इतकी नावं की पान उलटावं लागे. जेवण वेगळं, धान्य वेगळं, गुरं वेगळी. गणपती एक, मूळ घरात. दर वर्षी एकेका चुलीची पाळी.

पहिल्या संध्याकाळी आरती संपली आणि मी सवयीने डोळे मिटले. तेवढ्यात आबा नारळ हातात घेऊन मूर्तीसमोर जाऊन उभे राहिले आणि एकदम चढ्या आवाजात बोलायला लागले. मी दचकून डोळे उघडले. आधी रवळनाथाचं नाव घेतलं, सातेरीचं घेतलं, मूळपुरुषाचं घेतलं. मग,

“बा देवा म्हाराजा! ह्या चार चुलींनी एक होवन जी काय तोडकीमोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे म्हाराजा!”

आणि मागे उभी असलेली सगळी माणसं, पोरासोरांसकट, एका दमात ओरडली, “होय म्हाराजा!”

“काय चुकला-माकला आसात तर ता पोटात घाल म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“कोण मुंबयक आसा, कोण पुण्याक आसा, तेंका सगळ्यांका राजीखुशी ठेव म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

हे गाऱ्हाणं. मग एकेका घराचं सुरू झालं. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाच्या गाईचं अडलेलं वेत, कुणाची परीक्षा. प्रत्येकाचं दुखणं आबा नाव घेऊन सांगत होते आणि सगळे मिळून त्याला होकार देत होते. माझंही नाव आलं. “घाटावरसून नयी सून इली हा, तिका ह्या घर आपला वाटूंदे म्हाराजा!” ओळखपाळख नसलेली पन्नासेक माणसं माझ्यासाठी एका आवाजात “होय” म्हणाली. त्या वेळी मला काय वाटलं हे सांगायला आजही शब्द जुळत नाहीत. हुंदका आला एवढं खरं.

माहेरी गेल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे म्हणजे मामलेदार कचेरीत अर्ज वाचून दाखवल्यासारखं झालं.” त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. त्यांना खरंच वाटायचं की देवाशी असलेलं नातं मागण्याने उणं होतं. वडिलांच्या मताचा मी फार मान ठेवते, म्हणूनच हा प्रश्न इतकी वर्षं मला सोडत नाही. मागणं हलकं आहे का?

शास्त्राकडे पाहिलं तर उत्तर एकेरी मिळत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण चार तऱ्हेचे भक्त सांगतो. दुःखात सापडलेला आर्त, काहीतरी हवं असलेला अर्थार्थी, जाणून घ्यायची इच्छा असलेला जिज्ञासू, आणि ज्ञानी. ज्ञानी आपला सगळ्यांत लाडका, असं तो म्हणतो. पण त्याच दमात चौघांनाही उदार म्हणतो. आर्ताला आणि मागणाऱ्याला तो दारातून परत पाठवत नाही. आणि ज्या ज्ञानोबांच्या पालखीबरोबर माझे वडील चालायचे, त्यांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पुरी केली तेव्हा शेवटी काय केलं? मागितलंच. हायस्कुलात मराठी शिकवताना पसायदान मी कितीतरी वर्गांना समजावून सांगितलं आहे. दुष्टांचा नाश ते मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा सांडावा असं मागतात. जिवांचं एकमेकांशी मैत्र जुळावं असं मागतात. स्वतःसाठी त्यात एकही ओळ नाही. आमच्या आबांचं गाऱ्हाणं त्याच्या शेजारी ठेवलं तर फार लहान दिसतं, चार चुलींपुरतं, अडलेल्या गाईपुरतं. तरी दोन्हींत एक सारखेपणा मला दिसतो. गाऱ्हाणं घालणारा स्वतःचं नाव घेत नाही. आबांनी आपल्या गुडघ्यांचं दुखणं त्या नारळासमोर कधी काढलं नाही. ते काढलं मामंजींनी, ज्या वर्षी आबांना ताप होता आणि गाऱ्हाणं मामंजींकडे आलं त्या वर्षी.

वडिलांच्या बाजूने सगळ्यांत मोठा पुरावा 1982 सालचा आहे, आणि तो झाकून ठेवणं मला प्रामाणिक वाटत नाही. मामंजी लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भाद्रपदापर्यंत गावात जिकडे पाहावं तिकडे गिरणीतली माणसं. एरवी पाच दिवसांची रजा काढून धावत येणारी माणसं पावसाळाभर खळ्यात बसून होती. मनीऑर्डर येणं थांबलं होतं. पोस्टमन दिसला तरी कुणी उठत नव्हतं. त्या वर्षी आबांनी मागितलं, “गिरणीचो भोंगो परत वाजूंदे म्हाराजा!” त्याला आलेला होकार मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी तितक्या जोराने ऐकला नाही. बापये रडत होते. भोंगा वाजला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मागितलं, तेव्हाही नाही. मामंजी परत कामावर घेतले गेले नाहीत. तिसऱ्या की चौथ्या वर्षी आबांनी गिरणीचं नाव घेणं सोडलं आणि म्हणाले, “पोरांका कामधंदो मिळूंदे, उपाशी ठेव नको म्हाराजा.”

देवाने ऐकलं नाही, असं म्हणून कुणी गाऱ्हाणं बंद केलं नाही. त्यात भोळेपणा होता का? मी मामंजींना त्या काळात जवळून पाहिलं आहे. ते भोळे नव्हते, युनियनचं राजकारण त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं. दिवसभर ते कुणाशी बोलत नसत. नोकरी गेली हे तोंडाने म्हणायची लाज त्यांना इतकी होती की बाजारात जाणंही त्यांनी टाकलं. ते वाक्य त्यांच्या वतीने दुसऱ्याने, सगळ्यांसमोर, मान वर करून म्हटलं, आणि साऱ्या घराने त्याला “होय” म्हटलं. मागितलेली वस्तू मिळाली नाही, तरी आपलं दुःख एकट्याच्या उरावर राहिलं नाही, हे त्यांना त्या संध्याकाळी मिळालं. देव ते देतो की माणसं, हा भेद मला करता येत नाही. करायची गरजही वाटत नाही.

1991 साली आबा आणि बापूंमध्ये काजूच्या बागेवरून दिवाणी दावा लागला. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, यात मी शिरत नाही. बोलणं बंद झालं. व्हाळावरच्या पायवाटेवर दोघं समोरासमोर आले तर एकजण वळून मागे जायचा. बायकांनाही एकमेकींच्या चुलीवरचा विस्तव न्यायची मनाई झाली. फुगड्या, बुवांची भजनं, मोदकांच्या घाण्यावरची गडबड, सगळ्यावरच त्या वर्षी विरजण पडलं. वेगळा गणपती आणावा असं बापूंच्या मुलाने काढलं. बापू म्हणाले, पाट एकच आहे. तेवढ्यावर विषय संपला.

संध्याकाळी आबा नारळ घेऊन उभे राहिले. मागे, खांबाला टेकून, बापू. बापूंच्या थोरल्याचं त्याच महिन्यात मुंबईत हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आबा एकेका घराचं सांगत गेले. बापूंच्या घराशी आले आणि थांबले. माजघरात आम्ही बायका श्वास रोखून होतो. “बापूच्या झिलाचा आपरेशन झाला हा. तेका धडधाकट करून घराक आण म्हाराजा!” होकार आला. आपल्याविरुद्ध दावा लावलेल्या माणसाने आपल्या मुलाचं आयुष्य मागितलं आणि त्याला बापूंनी स्वतः “होय म्हाराजा” म्हटलं. मग आबांनी आपल्या नातीचं मागितलं, तिला दम्याचा त्रास होता, आणि त्यालाही बापूंचा आवाज होता. तो भरड्या गळ्याचा आवाज कुठूनही ओळखू यायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दावाही मागे घेतला नाही. कुणी गोष्ट सांगताना त्यांना तिथे गळ्यात गळे घालायला लावील, तसं काही घडलं नाही. पण मी त्यानंतर दर वर्षी कान देऊन ऐकत आले आहे, आणि एक गोष्ट मला खात्रीने सांगता येते. दावा जिंकू दे, असं त्या माटवीखाली कुणीही, कधीही मागितलं नाही. मागता येणारच नव्हतं. ज्याला “होय” म्हणायचं तो प्रतिवादी मागेच उभा होता.

आमच्याच मुलखात दुसरी रीतही आहे. एखाद्याच्या नावाने देवळात नारळ ठेवायचा आणि त्याचं वाईट मागायचं. देवाक घालणं म्हणतात तिला. ती एकट्याने करायची असते, शक्यतो कुणाला कळू न देता. डोळे मिटून, मनातल्या मनात माणूस काहीही मागू शकतो. शेजाऱ्याचं वाटोळं मागू शकतो, भावाचा पराभव मागू शकतो, आणि वर आपण देवभक्त असल्याचं समाधानही बाळगू शकतो. वडिलांना मागण्यातला हा लोभ दिसत होता आणि त्याची त्यांना चीड होती. त्यांचं त्यात बरोबर होतं. मात्र त्यांनी मागणं पाहिलं ते एकेकट्याचं. दहा जणांनी “होय” म्हटल्याशिवाय जे पुरं होत नाही, असं मागणं त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. आधी त्या दहा जणांना पटेल तेच देवापर्यंत जातं, यात देवाचाही मान राहतो असं मला वाटतं.

याची किंमत कुणीतरी मोजतं, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या एका जावेला मूल नव्हतं. दर वर्षी गाऱ्हाण्यात तिचं नाव यायचं, “हिची ओटी भर म्हाराजा,” आणि घरभरचा होकार. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी असायची. पुढे पुढे तेवढ्या वेळात ती चुलीकडे काहीतरी काम काढायची. सासूबाईंना ते पाहवेना. त्यांनी आबांना सांगितलं की पोरीचं नाव घेऊ नका. आबा म्हणाले, “देवाक सांगूचा नाय तर मगे कोणाक सांगूचा?” पण पुढल्या वर्षापासून त्यांनी नाव टाळलं. बऱ्याच वर्षांनी, हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत असताना, जाऊ मला म्हणाली, “नाव घेयत तेव्हा भुईत जावसा वाटायचा. आणि थांबले तेव्हा वाटला, आता देवाफुडसून पण माझा नाव काढलानी.” या दोन वाक्यांवर मी खूप विचार केला आहे. ती दोन्ही खरी आहेत. कुणाच्या दुःखाला सगळ्यांसमोर नाव द्यावं आणि कुणाच्या देऊ नये, हे ज्याचं त्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि तिला कुणीच विचारलं नव्हतं, नाव घेतानाही नाही आणि गाळतानाही नाही.

बापू गेले ते चतुर्थीच्या तोंडावर. भावकीला दहा दिवसांचं सुतक. मूर्ती शाळेतच राहिली, मूर्तिकारानेच तिचं पुढे विसर्जन केलं. तिकिटं काढलेली होती म्हणून मुंबईची सगळी माणसं आली आणि रिकाम्या चौरंगासमोर, दिवाही न लावलेल्या खोलीत बसून राहिली. दाव्याच्या कागदावर ज्याच्याविरुद्ध सही केली होती, त्याचं सुतक आबांनी एकेक नेम पाळून धरलं. कागदोपत्री वारसांची नावं चढली आणि दावा पुढे चालूच राहिला. सुतकाच्या कल्पनेतला विटाळ मला पटत नाही, कधीच पटला नाही. पण ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोललो नाही त्याच्या मरणाने आपल्या घरातला देव थांबतो, ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांना भावकी म्हणजे काय हे चांगलं ठाऊक असलं पाहिजे.

आता आबाही नाहीत, मामंजीही नाहीत. गाऱ्हाण्याचं सगळं वळण तोंडपाठ असलेलं माणूस घरात उरलेलं नाही. दुबईचा पुतण्या मोबाइलवरून “होय म्हाराजा” म्हणतो आणि त्याचा होकार बाकीच्यांच्या मागून दोन सेकंदांनी येतो. पोरं हसतात, पण तो चुकवत नाही.

यंदा पाळी आमच्या चुलीची आहे. हे आता फार उभे राहू शकत नाहीत, म्हणून गाऱ्हाणं मुलाकडे आलं. तो देव मानत नाही, आणि आडपडदा न ठेवता तसं सांगतो. मला म्हणाला, “आई, ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी बोलणं हा खोटेपणा नाही का?” त्याच्या प्रश्नात मला माझ्या वडिलांचा करडा प्रामाणिकपणा दिसला. मी त्याला म्हटलं, तू तुझ्यासाठी बोलणार नाहीस. काकीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ते तिला स्वतःला मागायचं नाही, तिच्यासाठी दुसऱ्याने मागायचं असतं. तिचा विश्वास आहे, तू तिचा आवाज हो. तुझ्या वतीचं काय असेल ते आम्ही पाहू. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, लिहून दे, पाठ करतो. जावेला मी या वेळी आधी फोन केला आणि विचारलं, तुझं नाव घेऊ का, आणि कशासाठी घेऊ. ती म्हणाली, गुडघ्यांसाठी घे.

मग मी मुलाला कागदावर क्रमाने उतरवून दिलं. रवळनाथ, सातेरी, मूळपुरुष. चार चुलींची सेवा. काकीचे डोळे, जावेचे गुडघे, दुबईचा व्हिसा, बापूंच्या नातवाची बारावी. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ, जी इतक्या वर्षांत कुणी उच्चारली नाही: काजूच्या बागेचो दावो मिटूंदे म्हाराजा. जिंकण्याचं नाव त्यात नाही, मिटण्याचं आहे. मुलाने वाचून वर पाहिलं आणि विचारलं, बापूंची मुलं याला होकार देतील का? मी म्हटलं, ते चतुर्थीच्या संध्याकाळी कळेल. तू “मिटूंदे” हा शब्द खणखणीत म्हण.